मोडीचा कागद आणि वर्डचे पान एकाच स्क्रीनवर: दोन विंडो कशा लावाव्यात?

दप्तरवाली (शनिवार, सकाळी ९.४०)

नमस्कार मंडळी.

मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. आजेसासऱ्यांच्या ट्रंकेतून यंदा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा, निघाला. आत मोडीतली पत्रे, घरचे जमाखर्च आणि दोन-तीन खते (दस्तऐवज) आहेत. भाच्याने सगळे स्कॅन करून दिले आणि आता मी ते बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, टाइप करून घेते आहे. मोडी मी दोन वर्षांपूर्वी शिकले. वाचन हळू आहे, पण जमते.

अडचण वाचनाची नाही, स्क्रीनची आहे. स्कॅन उघडला की वर्ड झाकले जाते, वर्ड उघडले की स्कॅन. ऑल्ट आणि टॅब दाबून इकडून तिकडे जाते, तीन-चार शब्द डोक्यात धरते, टाइप करते, परत येते. तोवर ओळ हरवलेली असते. मोडी वाचणाऱ्यांना ठाऊक असेल, आधी शिरोरेघ ओढून तिला अक्षरे लटकवत सलग लिहिलेले असते, शब्द तोडलेले नसतात. छापील मजकुरात नजर ‘त्या स्वल्पविरामापाशी होते’ असे शोधून परत बसते, तशी इथे बसत नाही. काल एका पत्रातली अख्खी ओळ सुटली. पुढच्या वाक्याचा अर्थ लागेना म्हणून कळले. नाहीतर ती कायमची गेली असती.

लॅपटॉप पंधरा इंची आहे, विंडोज १०, स्क्रीन १३६६ बाय ७६८. ज्या दुकानात विचारले तिथे ‘मोठा मॉनिटर घ्या, दुसरा उपाय नाही’ म्हणाले. खर्च करण्याआधी इथे विचारते आहे. दोन्ही एकदम दिसतील असे काही करता येते का?

सुरसागरकाठ (शनिवार, सकाळी १०.१५)

ताई, येते आणि अगदी सोपे आहे.

स्कॅनची विंडो समोर आणा. कीबोर्डवर खाली डावीकडे विंडोजचे चिन्ह असलेले बटण असते, ते दाबून धरा आणि डावा बाण दाबा. स्कॅन डाव्या अर्ध्यात जाऊन बसेल. उजव्या अर्ध्यात बाकीच्या उघड्या विंडोंची छोटी चित्रे दिसतील, त्यातल्या वर्डवर क्लिक करा. झाले. मधली रेघ माउसने धरून सरकवली की एक लहान आणि दुसरी मोठी होते. माउसने करायचे तर विंडोच्या वरच्या पट्टीला धरून ती स्क्रीनच्या डाव्या कडेपर्यंत ओढायची, तरी तेच होते.

ही सोय विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून आहे. शेजारच्या अर्ध्यासाठी चित्रे दाखवणे आणि चार कोपऱ्यांत चार विंडो बसवणे हे विंडोज १० मध्ये आले. तुमच्याकडे ती चित्रे दिसली नाहीत तर सेटिंग्ज, सिस्टिम, मल्टिटास्किंग इथे जाऊन ‘स्नॅप विंडोज’ चालू आहे का ते बघा.

दप्तरवाली (शनिवार, संध्याकाळी ६.०५)

जमले! दोन वर्षे ऑल्ट-टॅब करत होते. मनापासून आभार.

पण दिवसभर करून पाहिल्यावर दोन गोष्टी खटकल्या. पहिली, आजेसासऱ्यांची पत्रे आडव्या कागदावर आहेत आणि ओळी लांबच लांब. अर्ध्या स्क्रीनमध्ये पूर्ण ओळ बसवली तर अक्षर मुंगीएवढे होते. मोठे केले तर ओळ कापली जाते आणि दर ओळीला डावीउजवीकडे सरकवावे लागते. दुसरी, स्कॅन खाली सरकवायला त्यावर क्लिक करते आणि तशीच टाइप करू लागते. अक्षरे वर्डमध्ये जातच नाहीत, कारण क्लिक स्कॅनवर झालेला असतो. जमाखर्चाची पाने मात्र छान झाली, ती अरुंद आहेत.

मुद्रितशोधक (शनिवार, रात्री ९.३०)

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. मी गुजरातीतून मराठीत भाषांतर आणि मुद्रितशोधनाचे काम बावीस वर्षे करतो आहे. शेजारीशेजारी लावणे हा प्रत्येक कामाचा उपाय नव्हे. कागदाची ओळ लांब असेल तर विंडो एकाखाली एक लावाव्यात. ओळ आखूड असेल तर शेजारी. तुमचे जमाखर्च अरुंद म्हणून शेजारी बसले, पत्रे रुंद म्हणून बसली नाहीत.

हिशेब बघा. तुमची स्क्रीन १३६६ ठिपके (पिक्सेल) रुंद. शेजारी लावल्यावर ओळीला ६८३ ठिपके मिळतात. एकाखाली एक लावल्यावर त्याच ओळीला पूर्ण १३६६ मिळतात, म्हणजे अक्षर दुप्पट मोठे. उंची अर्धी होते हे खरे, पण लिप्यंतर करताना एका वेळी किती ओळी बघायच्या असतात? चालू ओळ, तिच्या वरची एक आणि खालची एक. तेवढे पुरते.

विंडोज १० मध्ये हे करायला बाकीच्या सगळ्या विंडो मिनिमाइज करा, फक्त स्कॅन आणि वर्ड ठेवा. मग खालच्या टास्कबारच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक करा. ‘शो विंडोज स्टॅक्ड’ असा पर्याय दिसेल. दोन्ही विंडो वरखाली पूर्ण रुंदीत बसतील. नको वाटले तर त्याच मेनूत आधीसारखे करण्याचा पर्याय येतो. जी विंडो मिनिमाइज केलेली नसेल तीही यात धरली जाते, म्हणून बाकीच्या आधी खाली पाठवायच्या.

आता क्लिकचे. माउस स्कॅनवर नुसता न्या, क्लिक करू नका, आणि चाक फिरवा. स्कॅन सरकेल आणि टाइप केलेले वर्डमध्येच जाईल, कारण कर्सर तिथून हललेलाच नाही. विंडोज १० मध्ये हे मुळातच चालू असते. बंद असेल तर सेटिंग्ज, डिव्हायसेस, माउस इथे ‘स्क्रोल इनॲक्टिव्ह विंडोज’ असे काही वाचून चालू करा. मला ही एक गोष्ट कळली तेव्हा कामाचा वेग किती वाढला ते शब्दांत सांगता येणार नाही.

एक अडथळा आहे. स्कॅन विंडोजच्या ‘फोटोज’ ॲपमध्ये उघडत असाल तर तिथे चाकाने चित्र लहानमोठे होते, सरकत नाही. त्यापेक्षा एका पत्राची सगळी पाने निवडून राइट क्लिक, प्रिंट, आणि प्रिंटर म्हणून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टु पीडीएफ’ निवडा. त्या पत्राची एक पीडीएफ होईल. ती एज ब्राउझरमध्ये उघडून पानाच्या रुंदीला बसवा. मग चाकाने नीट ओळीओळीने सरकते.

सुरसागरकाठ (रविवार, सकाळी ८.२०)

मुद्रितशोधक, तत्त्व पटले, पण तुम्ही उंचीचा हिशेब अर्धाच मांडला. ७६८ पैकी टास्कबारने चाळीस घेतले. वर्डचा रिबन (वरचा बटणांचा पट्टा), वरची पट्टी आणि खालची पट्टी धरली तर अर्ध्या विंडोत लिहायला चार ओळींचीसुद्धा जागा उरत नाही. मी आत्ता जुन्या लॅपटॉपवर करून पाहिले. एवढ्या छोट्या स्क्रीनवर वरखाली लावणे म्हणजे ताईंना त्रासच.

मुद्रितशोधक (रविवार, सकाळी ९.१०)

बरोबर आहे, ते सांगायचे राहिले. कंट्रोल आणि एफ१ दाबले की वर्डचा रिबन मिटतो, नुसती नावे उरतात. परत दाबले की येतो. टास्कबारवर राइट क्लिक करून सेटिंग्जमध्ये तो आपोआप लपेल असे करता येते. वर्डच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘वेब लेआउट’ निवडले की पानाचे समास आणि पानांमधली राखाडी जागा निघून जाते आणि मजकूर विंडोच्या रुंदीत वाहतो. या तीन गोष्टी केल्या की ७६८ वरही आठ-नऊ ओळी दिसतात. करून बघा आणि सांगा.

हिशेबनीस (रविवार, सकाळी ११.४५)

विषय थोडा वेगळा, पण इथे कुणाला तरी उपयोग होईल म्हणून लिहितो. मी रावपुऱ्यात हिशेबाचे काम करतो. पक्षकाराची खरेदीची वही एका एक्सेलमध्ये आणि जीएसटी पोर्टलवरून उतरवलेली यादी दुसऱ्यात, दोन्ही ताडून बघायच्या. एक्सेलच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘व्ह्यू साइड बाय साइड’ आहे आणि त्याच्याच शेजारी ‘सिंक्रोनस स्क्रोलिंग’. ते चालू ठेवले की एक वही सरकवली की दुसरी तेवढीच सरकते. वर्डमध्येही हे दोन्ही आहेत.

एकाच वहीची दोन पाने बघायची तर आधी ‘न्यू विंडो’ करायचे आणि मग ‘अरेंज ऑल’. पुष्कळ जण त्यासाठी फाइलची दुसरी प्रत काढतात आणि पुढे कुठल्या प्रतीत दुरुस्ती केली ते विसरतात. न्यू विंडोत फाइल एकच राहते.

आमच्याकडे मी सगळ्यांना सांगून ठेवले आहे की ताडून बघायचे काम वरखाली लावू नका, शेजारी लावा. आकड्यांची ओळ आडवी जुळवायची असते.

मुद्रितशोधक (रविवार, दुपारी १२.३०)

हिशेबनीस, तुमच्या रकान्यांत ओळ आखूड असते म्हणून ते योग्यच. माझे म्हणणेही तेच आहे, कागद बघून ठरवावे. मी स्वतः मूळ आणि भाषांतर शेजारी लावतो, कारण परिच्छेदाला परिच्छेद भिडवायचा असतो.

जुनी पुस्तके (रविवार, दुपारी ३.००)

शेजारीशेजारी लावण्यावरून आठवले, म्हणून थोडे विषयाबाहेर. आपल्या बडोद्यात १९३१ साली ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ छापला गेला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली पर्याय त्यात दिलेले आहेत. आठ भाषा एकमेकींशेजारी ठेवल्या की कुठला शब्द कुठून आला, कुठला नुसता ओढून आणला, हे न सांगता दिसते. मी तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा दुपारभर खाली ठेवला नाही.

दप्तरवाली ताई, खतांमध्ये फारसी शब्द अडतील तेव्हा त्याची स्कॅन प्रत तिसऱ्या विंडोत उघडी ठेवा. सयाजीरावांच्या काळातल्या कागदांना त्याच काळातला कोश फार उपयोगी पडतो.

निवृत्त अभियंता (रविवार, संध्याकाळी ५.२०)

एक जुनी गोष्ट सांगतो, तरुण मंडळींना ठाऊक नसेल. १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यात एक विंडो दुसरीवर चढतच नसे. फरशा बसवाव्यात तशा सगळ्या विंडो एकमेकींना लागून बसत. एक मोठी केली की शेजारची आपोआप लहान होई. एकावर एक ठेवण्याची मुभा १९८७ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत मिळाली. त्यानंतर वीस-बावीस वर्षे आपण सगळे एकमेकींवर चढलेल्या विंडोंत काम करत राहिलो आणि मग हळूहळू फरशांकडे परत आलो. मला तो पहिला विचार आजही जास्त शहाणपणाचा वाटतो. झाकलेली विंडो उघडी असून नसल्यासारखी.

आता कामाचे. ताई, टास्कबारवरून दरवेळी स्टॅक करणे कंटाळवाणे होईल आणि ते नेहमी अर्धेअर्धेच वाटते. मायक्रोसॉफ्टचेच ‘पॉवरटॉइज’ मोफत मिळते. त्यात ‘फॅन्सीझोन्स’ आहे. स्क्रीनवर तुम्हाला हवे तसे चौकोन एकदा आखून ठेवायचे, मग विंडो ओढताना शिफ्ट दाबून धरले की ती त्या चौकोनात बसते. एक पट्टा थोडा मोठा आणि दुसरा लहान, असे तुमच्या सोयीने आखा.

कुणाकडे विंडोज ११ असेल तर तिथे टास्कबारवरचा स्टॅक्डचा पर्याय काढून टाकला आहे, शोधत बसू नका. तिथे विंडोज बटण आणि झेड दाबले की मांडणीचे नमुने दिसतात. विंडोज, ऑल्ट आणि वरचा बाण दाबला की विंडो वरच्या अर्ध्यात जाते, खालचा बाण दाबला की खालच्या अर्ध्यात.

पेंग्विनवाला (रविवार, रात्री १०.००)

लिनक्स मिंटवर यासाठी वेगळे काही घालावे लागत नाही. विंडो वरच्या, खालच्या किंवा बाजूच्या अर्ध्यात आणि कोपऱ्यातही बसते. मॅकवाल्यांनाही २०२४ च्या मॅकओएस सिक्वोयापासून कडेला ओढून बसवता येते, मेनूतून वरखालीही.

दप्तरवाली (बुधवार, दुपारी ४.१५)

तीन दिवस उत्तर दिले नाही, क्षमस्व. करून बघितल्याशिवाय लिहायचे नव्हते.

मुद्रितशोधकांच्या तिन्ही सूचना केल्या, पॉवरटॉइजही भाच्याकडून बसवून घेतले. स्कॅन वर, वर्ड खाली. पहिल्याच पत्रात फरक कळला. ‘सा. न. वि. वि.’पासून सहीपर्यंत एकदाही ओळ चुकली नाही. चाकाची युक्ती तर मी शेजारच्या वहिनींनाही शिकवली, त्या स्तोत्रे टाइप करतात.

एक नवी गोष्ट लक्षात आली. टाइप करत गेले की वर्डमधली चालू ओळ विंडोच्या तळाशी जाते. म्हणजे स्कॅनमधली ओळ स्क्रीनच्या वरच्या भागात आणि माझी ओळ अगदी खाली. नजरेला प्रत्येक वेळी लांब उडी मारावी लागते आणि संध्याकाळी मान दुखते. यावर काही आहे का? शिवाय मधूनच मराठी कीबोर्ड जाऊन इंग्रजी अक्षरे उमटतात, तेही दोनदा झाले.

मुद्रितशोधक (बुधवार, संध्याकाळी ७.४०)

ताई, उलटे करा. वर्ड वर ठेवा आणि स्कॅन खाली.

तुमची चालू ओळ वर्डच्या तळाशी जाते म्हणता ना? वर्ड वरच्या अर्ध्यात असले की तो तळ म्हणजे स्क्रीनचा मध्य. खालच्या स्कॅनमध्ये जी ओळ वाचायची ती चाक फिरवून विंडोच्या अगदी वरच्या कडेला आणून ठेवा. मोडीची ओळ आणि तिची बाळबोध ओळ जवळजवळ एकमेकींना लागून येतील. मूळ वर आणि आपले खाली अशी आपल्याला कागदावरची सवय असते, म्हणून हे सुरुवातीला विचित्र वाटेल. दोन पाने सोसा.

एकच अडचण आहे. एजची वरची पट्टी आणि टूलबार त्या दोन ओळींच्या मध्ये येतात. त्यासाठी ‘सुमात्रा पीडीएफ’ नावाचा छोटा मोफत वाचक घ्या. त्यात एफ८ दाबले की टूलबार नाहीसा होतो.

कीबोर्डचे असे की विंडोज आणि स्पेस दाबले की भाषा बदलते, ते तुमच्या हातून चुकून दाबले जात असावे. सेटिंग्ज, डिव्हायसेस, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज इथे प्रत्येक ॲपच्या विंडोला वेगळा कीबोर्ड ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. मग वर्डला मराठी लागली की ती वर्डपुरती राहील, ब्राउझरमध्ये इंग्रजी केली म्हणून बिघडणार नाही.

सुरसागरकाठ (बुधवार, रात्री ८.३०)

वर्ड वर, स्कॅन खाली, हे मला सुचले नसते. परवाचा माझा आक्षेप मागे घेतो.

मॉनिटरबद्दल मात्र सांगतो. दुकानात म्हणाले तसा ‘दुसरा उपाय नाही’ असे नाही, पण हे काम वर्षभर चालणार असेल तर साधा १९२० बाय १०८० चा मॉनिटर घ्या आणि उभा फिरणाऱ्या स्टँडचाच घ्या. उभा केला की रुंदी १०८० आणि उंची १९२० होते. वरखाली लावल्यावर प्रत्येक विंडोला १०८० बाय ९६० मिळतात. रुंदी लॅपटॉपपेक्षा थोडी कमी, पण उंची अडीच पट. फिरवल्यावर सेटिंग्जमध्ये डिस्प्लेला जाऊन ओरिएंटेशन ‘पोर्ट्रेट’ करावे लागते. लॅपटॉपला जोडल्यावर विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडायचे, ‘डुप्लिकेट’ नाही. नाहीतर दोन्हीकडे तेच दिसते आणि लोक म्हणतात फायदा झाला नाही. विंडोज, शिफ्ट आणि बाण दाबला की विंडो एका स्क्रीनवरून दुसरीवर उडी मारते.

जुनी पुस्तके (गुरुवार, सकाळी ७.५०)

आणि लॅपटॉपची स्क्रीन कोशासाठी मोकळी राहील.

दप्तरवाली (पुढचा सोमवार, रात्री ९.२०)

वर्ड वर, स्कॅन खाली. पहिल्या दिवशी हात अडखळले, दुसऱ्या दिवशी नाही. मान दुखणे थांबले. कीबोर्डही आता आपली जागा सोडत नाही.

तुम्हाला एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या दिवशी ओळ सुटली होती तेच पत्र पुन्हा काढले आणि दोन ओळी एकमेकींना लागून ठेवून मुळापासून वाचले. सुटलेली ओळ एक नव्हती, दोन होत्या. एकाच शब्दाने सुरू होणाऱ्या तीन ओळी पाठोपाठ होत्या आणि माझी नजर पहिलीवरून थेट चौथीवर गेली होती. सुटलेल्यांपैकी दुसऱ्या ओळीत आजेसासूबाईंच्या बाळंतपणाचा उल्लेख आहे आणि मुलीचे नाव आहे. आमच्या घरात त्या मुलीबद्दल कुणालाच माहीत नव्हते. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना स्क्रीनसमोर बसवून वरची ओळ वाचून दाखवली, खालच्या मोडीवर बोट ठेवून अक्षर अन् अक्षर लावून दाखवले. त्यांनी दोनदा वाचायला लावले.

आधी झालेली एकोणीस पत्रे आता पुन्हा पहिल्यापासून ताडून बघते आहे. मॉनिटर या आठवड्यात घेईन, फिरणाऱ्या स्टँडचा. मुद्रितशोधक, सुमात्रामध्ये पान थोडे तिरके स्कॅन झाले असेल तर ओळ सरळ करता येते का? सहाव्या पत्राची तीन पाने तशी आहेत.

मुद्रितशोधक (पुढचा सोमवार, रात्री १०.०५)

ताई, तुमचे लिहिलेले वाचून फार बरे वाटले.

थोडासा तिरपेपणा पीडीएफ वाचकात नाही काढता येत, तो नव्वद-नव्वद अंशांनीच फिरवतो. मूळ चित्र फोटोजमध्ये उघडून ‘एडिट’ला जा. तिथे क्रॉप करताना पान थोडेथोडे फिरवून सरळ करता येते. शिरोरेघ आडवी झाली की थांबा. जतन करताना मात्र प्रत म्हणून जतन करा, मूळ स्कॅनला हात लावू नका. मग त्या तीन पानांची नवी पीडीएफ करा.